विश्लेषण : इंजिनीअरिंगनंतर ‘विकास अभ्यास’, ही पदव्युत्तर पदवी कशासाठी आणि कोणासाठी?

‘बीई झालंय, दोन वर्षं आयटीत आहे, मन लागत नाही. डेव्हलपमेंट स्टडीजला प्रवेश घेऊ का?’ प्रवेश परीक्षांचे दिवस जवळ आले की असे निरोप फोनवर येऊ लागतात. विचारणारे बहुतेक इंजिनीअर असतात. कारण मीही इंजिनीअर, मीही आयटीतली नोकरी सोडली आणि मीही ही पदवी घेतली. उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हा लेख. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हा अभ्यासक्रम करण्यासारखा आहे. पण सध्या तो ज्या पद्धतीने शिकवला जातो, ज्यांना परवडतो आणि ज्या भाषेत चालतो, ते पाहता त्याच्यावरच त्याचा मूळ प्रश्न उलटतो. तो प्रश्न म्हणजे : विकास कोणाचा?

विषय नेमका काय आहे?

विकास अभ्यास म्हणजे समाजकार्य नव्हे, निव्वळ अर्थशास्त्रही नव्हे. गरिबी, विषमता, जमीन, पाणी, आरोग्य, स्थलांतर, सरकारी योजना यांचा अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि इतिहास यांच्या मदतीने केलेला एकत्र अभ्यास, अशी साधी व्याख्या करता येईल. दोन वर्षांच्या एमएमध्ये विकासाचे सिद्धांत, संख्याशास्त्र, संशोधन पद्धती, सार्वजनिक धोरण हे विषय असतात. काही आठवडे प्रत्यक्ष गावात किंवा वस्तीत राहावे लागते आणि शेवटी प्रबंध लिहावा लागतो.

इंजिनीअरला पहिला धक्का बसतो तो इथे. आपल्याला प्रश्न दिलेला असतो आणि उत्तर काढायचे असते, अशी चार वर्षांची सवय. इथे प्रश्नच कोणी, कोणासाठी मांडला, यावर तासन् तास चर्चा चालते. पहिल्या सत्रात ही चर्चा वेळेचा अपव्यय वाटते. ती तशी का नाही, हे मला एका शेततळ्याने शिकवले.

शेततळ्याचा हिशेब कुठे चुकतो?

मी सिव्हिलचा. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून आम्ही शेततळ्याचे डिझाइन केले होते. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तेव्हा डाळिंबाच्या बागांशेजारी तळी वाढत होती. राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली, त्यानंतरचे ते दिवस. ३० बाय ३० मीटरचे, तीन मीटर खोल, एकास एक उताराचे तळे घेतले, तर त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. माती किती निघेल, प्लॅस्टिकचा कागद किती लागेल, खर्च किती वर्षांत वसूल होईल, सगळे मांडले. गुण चांगले मिळाले.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा वस्तीवरच्या एक मावशी म्हणाल्या, ‘‘तुमच्या तळ्यात पाणी हाय, आमच्या आडात न्हाई. तुझं शिक्षण काय सांगतं यावर?’’

शिक्षणाकडे उत्तर नव्हते, कारण तोंडी परीक्षेत हे कोणी विचारलेच नव्हते. शेततळ्याची मूळ कल्पना पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवण्याची. प्रत्यक्षात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली अनेक तळी विहिरी आणि बोअरमधून उपसा करून भरली जातात. म्हणजे जमिनीखालचे, सगळ्यांचे पाणी वर काढून एकाच्या बांधाच्या आत ठेवले जाते. वर उन्हाळ्यात त्याची वाफ होते. रोज सहा मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर भरलेल्या तळ्याच्या ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला ५,४०० लिटर पाणी उडून जाते. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने हे पाणी ९८ माणसांचे झाले. आणि संपूर्ण तळे हजार वस्तीच्या गावाला ४० दिवस पुरेल एवढे.

ही आकडेमोड मला दुसऱ्या वर्षातही जमली असती. ती करायला हवी हे सुचले नाही. विकास अभ्यासाने मला दिलेली गोष्ट ती हीच. याचा अर्थ तळे बांधणारा शेतकरी खलनायक आहे, असा नाही. बाग जगवण्यासाठी त्याने कर्ज काढलेले असते. तळे त्याच्यासाठी विमा आहे. प्रश्न असा की, एकाच्या विम्याचा हप्ता शेजारी का भरतो आणि अनुदान देणाऱ्या योजनेला तो का दिसत नाही?

हा विषय आला कुठून?

पाठ्यपुस्तकांत या विषयाची सुरुवात बहुधा अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या जानेवारी १९४९ च्या भाषणापासून होते. ‘अविकसित’ प्रदेशांना तांत्रिक मदत देण्याची भाषा त्यांनी केली. वसाहती स्वतंत्र होत होत्या, शीतयुद्ध सुरू झाले होते आणि नव्या देशांना ‘विकसित’ कसे करायचे, हा विद्यापीठांचा विषय बनला. नेदरलँड्समधील हेग येथे १९५२ मध्ये सामाजिक अभ्यास संस्था उभी राहिली, तर ब्रिटनमध्ये ससेक्स येथे १९६६ मध्ये विकास अभ्यास संस्था सुरू झाली. याच ससेक्सच्या संस्थेचे प्रमुख राहिलेल्या डडली सीअर्स यांनी १९६९ मध्ये विचारले : गरिबी, बेरोजगारी आणि विषमता यांचे काय झाले ते सांगा, हे तिन्ही वाढले असतील, तर उत्पन्न दुप्पट होऊनही त्याला विकास कसे म्हणायचे? पुढे १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने पहिला मानव विकास अहवाल आला आणि अमर्त्य सेन यांनी विकासाची सांगड माणसाच्या स्वातंत्र्याशी घातली.

हा इतिहास खरा आहे, पण मराठी विद्यार्थ्याला तो अपुरा वाटायला हवा. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतीची दैना, नोकरशाहीची लूट आणि पाणी-माती अडवण्याचे उपाय एकत्र मांडले आहेत. मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले. वीज मुंबईला आणि जमीन आमची, हा त्यांचा आक्षेप ट्रुमन यांच्या भाषणाच्या २८ वर्षे आधीचा. पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दिवसाला २,२५० उष्मांकांचा निकष लावून देशातली गरिबी मोजली आणि ग्रामीण कामांतून रोजगार देण्याचा मार्ग सुचवला. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा तिच्याच वाटेने आला.

आमच्या वर्गात सीअर्स आणि सेन यांच्यावर प्रत्येकी दोन-दोन तास झाले. मुळशीचे नाव एकदाही आले नाही. ते मला नंतर, बातमीसाठी जुने अंक चाळताना सापडले.

महाराष्ट्रात आणि देशात कुठे शिकता येते?

सर्वात परिचित नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, म्हणजे ‘टिस’चे. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा म्हणून ती मुंबईत सुरू झाली. तिचे धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूरचे ग्रामीण संकुल गाव जवळून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी अधिक उपयोगाचे आहे. तेथील पदव्युत्तर प्रवेशासाठी आता सीयूईटी-पीजी ही केंद्रीय परीक्षा द्यावी लागते.

इंजिनीअरांसाठी वेगळा पर्याय आयआयटी मुंबईत आहे. तेथील ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान पर्याय केंद्र, म्हणजे ‘सितारा’, १९८५ पासून काम करते आणि ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयात एमटेक देते. प्रवेशात ‘गेट’चे गुण चालतात. विद्यार्थी गावात मुक्काम करून पाणीपुरवठा, चूल, सिंचन, एसटी अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टींची मोजमापे घेतात. जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या ‘पोकरा’ या कृषी प्रकल्पासाठी गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे काम आयआयटी मुंबईत झाले आहे. गणित न सोडता प्रश्न बदलायचे असतील, तर माझ्या मते हा मार्ग एमएपेक्षा सरस आहे.

याशिवाय बेंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ, आयआयटी मद्रास आणि दिल्लीचे आंबेडकर विद्यापीठ येथे हा किंवा याच्या जवळचा अभ्यासक्रम आहे. व्यवस्थापनाकडे ओढा असलेल्यांसाठी वर्गीस कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंद येथे उभी केलेली ‘इर्मा’ ही संस्था आहे. ती आता त्रिभुवन सहकारी विद्यापीठाचा भाग झाली आहे.

परदेशात जावे का?

ससेक्स, लंडनची ‘सोआस’ आणि ‘एलएसई’, हेगची संस्था ही या विषयातली मोठी नावे. ब्रिटनमध्ये एमए एका वर्षात होते, हे मोठे आकर्षण. मात्र एका वर्षात तीन गोष्टी नीट कळत नाहीत : देश, विषय आणि आपण. शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून कर्जाचा डोंगर उभा राहतो आणि बँक तारण मागते. मलाही प्रवेशपत्र आले होते. घरात सातबारा टेबलावर ठेवून चर्चा झाली. वडील नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ‘‘गावाचा अभ्यास करायला गाव गहाण टाकायचं का?’’ मी देशातच शिकलो.

शिष्यवृत्ती मिळाली तर चित्र बदलते. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती पूर्ण खर्च उचलते. तिच्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मात्र केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत २०२२ मध्ये झालेला बदल लक्षात ठेवायला हवा. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय तेव्हा वगळण्यात आले. ही शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर, पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे ज्याच्या घराने जात आणि भूमिहीनता भोगली, त्यानेच तिचा अभ्यास सरकारी खर्चाने परदेशात करू नये, असा त्याचा अर्थ झाला. या विषयासाठी याहून मोठा विरोधाभास नाही.

देशातही अडचण संपत नाही. शिष्यवृत्तीधारकांची शुल्कसवलत काढून घेतल्याच्या मुद्द्यावर २०१८ मध्ये ‘टिस’च्या विद्यार्थ्यांनी संप केला होता. सरकारी रक्कम उशिरा येते, शुल्क मात्र आधी भरावे लागते. माझ्या वर्गातील एका मित्राने पहिल्या सत्रात मेसचे पैसे वाचवण्यासाठी रात्रीचे जेवण सोडले होते. वर्गात आम्ही त्याच आठवड्यात कुपोषण शिकत होतो.

नोकरीचे काय?

इथे गोड बोलण्यात अर्थ नाही. या पदवीचे पगार आयटीशी स्पर्धा करत नाहीत. कामे प्रामुख्याने चार ठिकाणी मिळतात : स्वयंसेवी संस्था, कंपन्यांचे सीएसआर विभाग, सल्लागार कंपन्या आणि सरकारी फेलोशिप किंवा अभियाने. राज्यात २०१५ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप ही त्यातली परिचित वाट.

बाजार मात्र बदलला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणावी लागली आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली. मोठ्या संस्थेकडून पैसा घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थांना याचा फटका बसला. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली आणि त्याच वर्षी ‘यूएसएड’ गुंडाळली. ब्रिटनने आपली मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. ‘आंतरराष्ट्रीय विकास’ हे करिअर म्हणून समोर ठेवणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत.

उरतो तो सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. हा पैसा मोठा आहे, पण तो कारखान्याच्या आसपास रेंगाळतो आणि वर्षाच्या आत फोटो मागतो. त्यामुळे नव्या पदवीधराचा बराच वेळ एक्सेल भरण्यात आणि अहवाल सजवण्यात जातो. इंजिनीअरांना याच कारणासाठी मागणी आहे, कारण आम्हाला डॅशबोर्ड बनवता येतो. डॅशबोर्ड बनवण्यासाठीच नोकरी सोडली होती का, हा प्रश्न मग रात्री पडतो.

भाषेचा प्रश्न महत्त्वाचा का?

सीयूईटी-पीजीची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. वर्ग इंग्रजीत, वाचन इंग्रजीत, प्रबंध इंग्रजीत. गडचिरोलीत ग्रामसभेचे काम पाहिलेली मुलगी प्रवेशाच्या फळीवरच अडखळते आणि ग्रामसभा फक्त पुस्तकात वाचलेला मुलगा आत जातो. इंग्रजी शिकू नये, असे माझे म्हणणे नाही. जगभरचे वाचायचे तर ती लागणारच. पण ज्यांच्यावर लिहिले जाते त्यांना ते वाचता येऊ नये, याचे समर्थन कसे करणार?

याचा अनुभव मी स्वतः दिला आहे, घेतलेला नाही. प्रबंधासाठी मी पाच आठवडे एका डोंगराळ तालुक्यातील वस्त्यांवर होतो. लोकांनी भाकरी दिली, वेळ दिला, हिशेबाच्या वह्या दाखवल्या. निघताना सरपंचबाई म्हणाल्या, ‘‘लिहून झालं की आम्हालाबी दाखवा.’’ मी हो म्हणालो. सत्तर पानांचा इंग्रजी प्रबंध जमा केला, पदवी घेतली, नोकरीला लागलो. दोन वर्षे गेलो नाही.

गेल्या वर्षी चार पानांचा मराठी गोषवारा करून नेला. ग्रामपंचायतीच्या ओसरीवर तो वाचून दाखवला. दुसऱ्याच पानावर सरपंचबाईंनी थांबवले. वस्तीवरचे तिन्ही हातपंप चालू असल्याचे मी लिहिले होते. ‘‘तुम्ही डिसेंबरात आला होता. फेब्रुवारीत दोन बंद पडतात. दर साली पडतात.’’

रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवले आहे की, बाहेरचा पाहुणा डांबरी रस्त्याकाठचे गाव पाहतो, कोरड्या आणि सोयीच्या हंगामात येतो, पुढारी आणि पुरुषांशी बोलतो आणि जातो. मी चेंबर्स यांच्यावर निबंध लिहिला होता. त्यांनी सांगितलेली चूक मी तरीही केली आणि माझ्या परीक्षकांना ती दिसली नाही, कारण तेही फेब्रुवारीत तिथे नव्हते. मराठी गोषवारा आधी नेला असता, तर प्रबंध जमा होण्यापूर्वीच तो आकडा दुरुस्त झाला असता.

म्हणून एक साधी मागणी. राज्यातील कोणत्याही विद्यापीठात महाराष्ट्रातील गावावर किंवा वस्तीवर पदव्युत्तर प्रबंध होत असेल, तर त्याचा मराठी गोषवारा तेथील लोकांसमोर वाचून दाखवल्याशिवाय तो स्वीकारू नये. याला नवा निधी लागत नाही. लोकांच्या हरकती परिशिष्टात जोडाव्यात. दरवर्षीच्या अशा गोषवाऱ्यांतून मराठीत जे साहित्य जमेल, ते पुढच्या विद्यार्थ्याला आणि ग्रामपंचायतीलाही वापरता येईल.

मग हा अभ्यासक्रम करावा का?

नोकरीचा कंटाळा हे एकमेव कारण असेल, तर करू नका. कंटाळा पदवीने जात नाही. ‘यूपीएससी’ची तयारी करता करता हाताशी एक पदवी असावी, म्हणूनही अनेक जण येतात. त्यात गैर काही नाही, पण मग गावातले आठवडे त्यांना ओझे वाटतात आणि त्यांचे ओझे गावाला वाटते.

त्याऐवजी आधी एक वर्ष कुठे तरी काम करा. तालुक्यातील एखादी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, पाणलोटाचे काम, काहीही. त्या वर्षात एक तरी प्रश्न असा भेटला पाहिजे, ज्याचे उत्तर तुमच्या शिक्षणात नाही. तो प्रश्न घेऊन वर्गात गेलात, तर दोन वर्षे कमी पडतील. इंजिनीअर असाल तर गणित दारात सोडून जाऊ नका. धोरणावर सुंदर बोलणारे खूप आहेत, पण गावाच्या पाण्याची बेरीज-वजाबाकी करून तहसीलदारासमोर मांडणारे थोडे. आणि प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी घरच्यांसमोर खर्च आणि पगार दोन्ही खरे मांडा.

दोन बंद हातपंपांची नोंद मी माझ्या प्रतीत केली आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातील प्रतीत मात्र ते अजून चालूच आहेत.